डबा बदलण्याआधी लाइन मोजणारे: खानापुरातल्या फायबर कनेक्शनबद्दल

खानापुरात घरी बसून कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या कुणालाही मी आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर कनेक्शन बिनधास्त घ्या म्हणेन. दोन गोष्टींची तयारी मात्र आपली आपण ठेवायची, त्या खाली सांगते.

माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. छपाई बेळगावात होते, त्यामुळे फाइल वर चढायला किती वेळ लागतो यावर माझा दिवस ठरतो. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं. उतरवायला बरं, पण पाठवायला जेमतेम 1 एमबीपीएस. 200 एमबीची फाइल प्रेसला पोचायला जवळजवळ अर्धा तास! यात मोडेमचा दोष नव्हता. त्या तंत्रात एकाच तारेवर खालच्या 4 किलोहर्ट्झमध्ये आपलं बोलणं, साधारण 25 ते 138 किलोहर्ट्झमध्ये घरातून जाणारा डेटा आणि त्याच्या वर थेट 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत घरात येणारा डेटा, अशी वाटणी असते. घरातली माणसं घेणार जास्त, पाठवणार कमी, असं धरून ती केलेली. माझ्यासारख्या पाठवणाऱ्यांच्या वाट्याला अरुंद पट्टा आला. शिवाय एक्स्चेंज लांब असलं की तांब्यात वरच्या फ्रिक्वेन्सी आधी विरतात आणि वेग आणखी पडतो.

त्याही आधीचे डायल-अप मोडेम तर बोलण्याच्याच पट्ट्यात, 300 ते 3400 हर्ट्झमध्ये, आकड्यांचे सूर करून पाठवायचे. 1962 साली आलेला बेल 103 सेकंदाला 300 बिट न्यायचा. त्याच तारेवरून 1998 पर्यंत 56 हजारांपर्यंत मजल गेली, हे मला आजही थक्क करतं.

आता भिंतीवर आहे त्या पांढऱ्या डब्याला सगळे मोडेमच म्हणतात. बिलावर ओएनटी लिहून येतं. काम तेच, फक्त विजेच्या लहरींच्या जागी प्रकाश. केसाएवढ्या एकाच काचेच्या तंतूतून 1490 नॅनोमीटरचा प्रकाश आत येतो आणि 1310 चा बाहेर जातो, म्हणून दोघांची टक्कर होत नाही. खांबावरच्या स्प्लिटरमधून एक तंतू 32 घरांपर्यंत वाटलेला असू शकतो. येणारा डेटा सगळ्याच डब्यांपर्यंत पोचतो, पण तो कुलूपबंद असतो आणि प्रत्येक डबा आपला तेवढा उघडतो. पाठवताना मात्र प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली असते आणि आपली पाळी आली की तेवढ्या क्षणापुरताच डबा बोलतो. माझा प्लॅन दोन्ही बाजूंनी 50 एमबीपीएसचा आहे. तीच 200 एमबीची फाइल आता अर्ध्या-पाऊण मिनिटात जाते.

पण मी हे लिहायला बसले ते वेगासाठी नाही, दुरुस्तीसाठी. ऐन लग्नसराईत नेट तुटायला लागलं, लाल दिवा मधूनच लागायचा. जुन्या कंपनीकडे असं झालं की माणूस यायचा, डबा बदलायचा आणि जायचा, दुखणं तिथंच. इथं आलेल्या पोरानं डब्याला हातच लावला नाही. हिरवं कनेक्टर काढलं, खिशातलं प्रकाश मोजायचं मीटर जोडलं आणि आकडा दाखवला: उणे 28 डीबीएम (उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). "अक्का, डबा चांगलाच हाय. लाइटच पोचत नाही." या डब्याला साधारण उणे 27 पर्यंत चालतं, त्याखाली तो चाचपडतो. मग त्यानं तंतूत लाल लेझरचा पेन लावला आणि घरभर वायरीमागून फिरला. खिडकीच्या चौकटीशी, जिथं वायर काटकोनात दाबून खिळा मारला होता, तिथं लाल उजेड बाहेर झिरपत होता. खिळा काढून वळण मोठं केलं, कनेक्टरचं टोक पुसलं, परत मोजलं: उणे 20. आठ डेसिबल म्हणजे सहापट प्रकाश! सगळं माझ्यासमोर, मराठीत समजावून, आणि शेजारच्या कन्नड आजींनी विचारलं तेव्हा त्यांना कन्नडमध्ये. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देते.

आता त्या दोन गोष्टी. पहिली भिंतींची. आमचं घर जांभ्या दगडाचं, भिंती हातभर जाड. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय माजघर ओलांडत नाही. 2.4 वालं पोचतं, पण हळू. केबलवाल्याकडे यावर उपाय नाही. मी डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत लॅनची वायर टाकून घेतली. जुन्या घरात राहत असाल तर जोडणीच्या दिवशीच डबा कामाच्या खोलीत लावून घ्या, नंतर हलवायचे पैसे वेगळे पडतात.

दुसरी विजेची. वळवाच्या पावसात तांब्याच्या तारेतून कडाक्याचा झटका आत यायचा. काच वीज वाहून आणत नाही, तो धोका गेला. पण ॲडॉप्टर शेवटी बोर्डातच खोचलेला, आणि लाइट गेली की टेलिफोनसारखं एक्स्चेंजकडून पॉवर येत नाही. पावसाळ्यात खानापूरची लाइट किती जाते ते इथल्यांना सांगायला नको. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, डब्याच्या बाजूलाच बसतो. फक्त ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या.

भाडं महिन्याला 500 च्या आसपास, वर 18 टक्के जीएसटी. जोडणी झाली की मीटरवरचा आकडा डब्याच्या मागं मार्करनं लिहून द्यायला सांगा. पुढं कधी नेट मंदावलं तर आलेल्या माणसाला तो आधी दाखवायचा.