गाइडची खोली: छत्रपती संभाजीनगरमधील एका हॉटेलचा अनुभव

वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, त्यामुळे वारांचा मेळ घालून मी माझ्या गटाचा छत्रपती संभाजीनगरमध्ये तीन रात्रींचा मुक्काम ठेवतो. या डिसेंबरात आम्ही स्टेशनच्या बाजूच्या एका तीन मजली हॉटेलात उतरलो होतो. पाहुण्यांच्या खोल्या स्वच्छ होत्या, नाश्ता वेळेवर मिळाला आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हा अभिप्राय गाइड आणि ड्रायव्हर यांना विनामूल्य म्हणून दिल्या जाणाऱ्या खोलीविषयी आहे.

ही खोली तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागे आहे. तिची एकमेव खिडकी ज्या बोळात उघडते, तिथेच चार पावलांवर जनरेटर बसवलेला आहे. पहिल्या रात्री अकराच्या सुमारास लाइट गेली आणि जनरेटर सुरू होताच लोखंडी कॉटचा एक पाय फरशीवर टकटक वाजू लागला. वर्तमानपत्राची घडी त्याखाली सरकवली तेव्हा कुठे तो थांबला, पण भिंतीचा हादरा थांबला नाही. गादीतला कापूस कडांना गोळा झाल्यामुळे पाठीला मधली फळीच लागत होती. दुसऱ्या रात्री हॉलमध्ये हळदीचा कार्यक्रम होता. डीजे दहाला नियमाप्रमाणे बंद झाला, मात्र त्यानंतर दीड वाजेपर्यंत आमच्या भिंतीपलीकडे पातेली घासली जात होती आणि साडेचारला नाश्त्याची तयारी सुरू झाली. आमचे ड्रायव्हरकाका उशी उचलून गाडीतच झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी पंधरा माणसे घेऊन अजिंठ्यापर्यंतचे सुमारे शंभर किलोमीटर त्यांनाच कापायचे होते, ही गोष्ट मला माझ्या झोपेपेक्षा अधिक गंभीर वाटते.

माझे काम आवाजाचे आणि स्मरणाचे आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात प्रकाश मंद असतो, आवाज घुमतो, म्हणून पद्मपाणीसमोर हळू पण स्पष्ट बोलावे लागते. त्या दिवशी माझा घसा बसलेला होता. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी १८१९ साली आला, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, आणि तरीही तोंडून १८९१ निघाले. गटातील एका आजींनी ते वहीत लिहून घेतले. चूक माझ्या लक्षात आली ती परतीच्या शटल बसमध्ये. मी त्यांच्याजवळ जाऊन आकडा दुरुस्त करून घेतला, पण उरलेल्यांपैकी किती जण चुकीचे साल घरी घेऊन गेले असतील, हा विचार अजून सुटत नाही.

त्या संध्याकाळी मॅनेजरसाहेबांशी बोललो, तेव्हा “गाइडला काय, पाठ टेकण्यापुरती जागा लागते” असे उत्तर मिळाले. अखेर पदरचे पैसे भरून आम्ही दोघांनी दुसऱ्या मजल्यावरची खोली घेतली आणि सहा तास सलग झोपलो. म्हणजे त्याच इमारतीत शांत जागा आहे. जनरेटरला ध्वनिरोधक पेटी बसवणे किंवा ही मागची खोली सामानासाठी ठेवणे अशक्य नाही. पाहुण्यांच्या खोल्यांना मी पाचपैकी चार गुण देतो. गाइडच्या खोलीला एकही देऊ शकत नाही.

फेब्रुवारीत पुढचा गट आहे. बुकिंग करतानाच ड्रायव्हरची खोली वरच्या मजल्यावर हवी असे लेखी कळवले आहे. हॉटेलचे उत्तर अद्याप आलेले नाही.