राजदूत ३५० पुन्हा उभी करताना गेलेले १,४७,००० रुपये आणि वडिलांचे इंजिन

वडिलांची १९८४ सालची राजदूत ३५० मोटारसायकल गेली वीस वर्षे शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ती आहे तशी विकावी, जेमतेम चालती करावी की संपूर्ण नव्याने उभी करावी, हा निर्णय घेण्यात माझे तीन महिने गेले. त्याच तीन महिन्यांत मी ज्या गॅरेजवाल्याचा सल्ला घेत होतो त्यानेच मला लुबाडले. हे लिहिताना संताप होतो आणि शरमही वाटते, पण आणखी कोणाचे इंजिन अशा माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून लिहीत आहे.

माझी गाडी सुरुवातीच्या काळातली, म्हणजे ‘हाय टॉर्क’ होती. यामाहाच्या परवान्याखाली एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेल्या या ३४७ सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या टू-स्ट्रोक गाडीची ताकद ३०.५ अश्वशक्ती होती आणि नंतरच्या ‘लो टॉर्क’ गाड्यांची २७. लोक हाय टॉर्क शोधत फिरतात ते याचसाठी. त्यातही इंजिन आणि चेसिस यांचे नंबर आरसी बुकाशी जुळत असतील तर किंमत कितीतरी वाढते. हे मला त्या माणसानेच समजावून सांगितले होते. “दादा, या गाडीची किंमत तिच्या नंबरात आहे,” हे त्याचे शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात.

मी काही यंत्रांविषयी अडाणी नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या, बाजूचे रबरी सील कडक झाले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन जाम होतो, हे मला ठाऊक होते. वीस वर्षे पडून असलेल्या गाडीला नुसती किक मारून चालणार नाही, क्रँकपर्यंत सगळे उघडावे लागेल, हे त्याचे म्हणणे खरेच होते, आणि म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला. शिवाय त्याने आधी तयार केलेल्या दोन गाड्या मी प्रत्यक्ष चालवून पाहिल्या होत्या. अशा परिस्थितीत दुसऱ्या कोणीही हेच केले असते, असे मला अजूनही वाटते.

ऑगस्ट २०२४ मध्ये गाडी टेम्पोने त्याच्या शहरात गेली. टेम्पोचे ६,३०० आणि अगाऊ ४५,००० रुपये दिले. त्यानंतर क्रँक व सीलसाठी २२,५००, बोअर व पिस्टनसाठी १६,८०० आणि रंग व क्रोमसाठी ३१,४०० रुपये तो मागेल तसे पाठवत गेलो. काढलेले जुने पिस्टन आणि रॉड मी दोनदा मागितले, ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. जुने भाग परत मिळत नसतील तर पुढचा पैसा देऊ नका. मी दिला.

मार्च २०२५ मध्ये इंजिन चालू झाल्याचा व्हिडिओ आला. तो आवाज ऐकून वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. मी मात्र दुसरेच काही पाहिले होते. माझ्या लहानपणी एकदा चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटजवळचे (चेनच्या दातेरी चाकाजवळचे) डावे केसिंग, म्हणजे इंजिनाचे बाहेरचे कवच, फुटले होते आणि ते आर्गन वेल्डिंगने जोडले होते. दोन बोटे लांबीचा तो उंचवटा मी शेकडो वेळा पुसलेला होता. व्हिडिओतले केसिंग त्या जागी अगदी सपाट होते. मी फोन करून विचारलेसुद्धा. “दादा, ब्लास्टिंगमध्ये सगळं साफ होतं, डागसुद्धा राहत नाही.” ब्लास्टिंगने, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने, मळ आणि रंग जातो, वेल्डिंगचा धातू जात नाही, हे मला कळत होते. तरीही मी गप्प बसलो, कारण वडील शेजारी बसून तो व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहत होते. त्याच संध्याकाळी मी शेवटचे २५,००० रुपये पाठवले. या एका संध्याकाळीसाठी मी स्वतःला क्षमा करू शकलेलो नाही.

जूनमध्ये गाडी घरी आली. रंग देखणा होता. २००४ साली संपलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत नेली, तेव्हा निरीक्षकाने इंजिनावरचा नंबर बोटाने चाचपला आणि बॅटरीच्या उजेडात पाहिला. नंबराखालचा धातू घासलेला होता आणि वर नवे आकडे ठोकलेले होते, तेही सरळ रेषेत नव्हते. माझे मूळ इंजिन काढून घेऊन दुसरेच, कदाचित चोरीच्या गाडीचे, इंजिन बसवलेले होते.

यापुढचा छळ वेगळाच. “नंबर तुम्हीच घासला नाही कशावरून?” हा आरटीओतला पहिला प्रश्न होता. नूतनीकरण तर झालेच नाही, उलट आता गाडी रस्त्यावर काढली तर ती जप्त होईल, असे सुनावण्यात आले. पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला गॅरेज दुसऱ्या शहरात असल्याने तिकडे जा म्हणाले. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी झीरो एफआयआर नोंदवता येतो, हे मी सांगितल्यावर “आम्हाला कायदा शिकवू नका” हे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेला हे दिवाणी प्रकरण ठरले, कारण पैसे मी स्वखुशीने दिले होते. अहो, पैसे स्वखुशीने दिल्याशिवाय फसवणूक होते तरी कशी? चौथ्या खेपेला अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली, तर शिक्का सापडेना. सायबर शाखेने सांगितले की मोबाइलवरून पैसे पाठवले म्हणजे तो सायबर गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तक्रार लिहून घ्यायलाच कोणी तयार नसेल तर त्या कलमाचे करायचे काय? शेवटी अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, एवढाच काय तो दिलासा.

ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांनी खर्चाचा हिशेब करण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणी मिळते का ते पाहावे. गाडी पन्नास वर्षांची झाल्याशिवाय विंटेज नोंदणीत बसत नाही, त्यामुळे राजदूत ३५० ला अजून ती वाट नाही. इंजिन देताना नंबराचा पेन्सिलने घेतलेला ठसा दोघांच्या सहीच्या कागदावर हवा. केसिंगच्या आतल्या बाजूला पंचने आपली खूण करून ठेवा आणि ती कोणालाही सांगू नका. इंजिन उघडताना स्वतः हजर राहा, मग त्यासाठी चार दिवसांची रजा गेली तरी चालेल.

वडिलांना मी इंजिनाचे अजून सांगितलेले नाही. ते रोज सकाळी टाकी पुसतात. डाव्या केसिंगवर, पुढच्या स्प्रॉकेटच्या वरच्या कडेला, दोन बोटे लांबीचा वेल्डिंगचा उंचवटा असलेले हाय टॉर्क इंजिन कोणाकडे विकायला आलेले दिसले, तर कृपया ते घेऊ नका आणि मला कळवा.