काइटच्या लाइनी 'नवीन' म्हणून जुन्याच बसवून दिल्या, बार सर्व्हिसिंगला देणाऱ्यांनी वाचा

उत्तर गोव्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यात काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकायचा खेळ) करणारी मराठी मंडळी आता बरीच दिसतात, आणि मे संपत आला की यातले कितीतरी जण काइट आणि बार (हातात धरायचा दांडा, त्यापासून काइटपर्यंत जाणाऱ्या चार लांब दोऱ्या म्हणजे लाइनी) तिथेच कुणाकडे तरी सर्व्हिसिंगला टाकून घरी येतात, कारण पावसाळ्यात तिथल्या समुद्रात जायचा प्रश्नच नसतो. सामान चार-पाच महिने दुसऱ्याच्या ताब्यात, विचारायला कोणी नाही. माझ्या बाबतीत झालं ते याच काळात झालं. ज्याच्याकडे बार दिला त्या माणसाचं आणि दुकानाचं नाव लिहित नाहीये, प्रकरण ग्राहक आयोगात टाकलंय म्हणून. पण त्याने केलं कसं ते सगळं लिहितो, कारण हे करायला फार डोकं लागत नाही आणि असं करणारा तो एकटाच असेल असं मला तरी वाटत नाही.

सीझनच्या शेवटी शेवटी माझी काइट मागे पडायला लागली होती. मोरजीला दुपारी जमीन तापली की समुद्रावरून थर्मल वारा येतो, बारा-पंधरा नॉट (ताशी बावीस-अठ्ठावीस किलोमीटर), तेवढ्यात मोठी काइट निवांत उडायला पाहिजे, पण बार जरा जवळ ओढला की काइट हवेत थांबल्यागत व्हायची आणि मागे मागे सरकत खाली यायची. वळायलाही जड. ह्या माणसाने बार हातात घेतला, लाइनी बोटांतून एकदा फिरवल्या आणि म्हणाला, "सर, तुमच्या लाइनी गेल्या. फ्रंट लांबल्यात. अशा वापरल्या आणि समुद्रात तुटली तर माझ्या नावाने बोलू नका." आता असं कोणी म्हटल्यावर कोण म्हणणार की नको, राहू दे. चारही लाइनींचा इम्पोर्टेड सेट अठरा हजार, मजुरी अडीच हजार. पैसे यूपीआयवर त्याच्या पर्सनल नंबरला. बिल मागितलं तर "अकाउंटवाला गावी गेलाय, सीझन सुरू झाला की देतो". जुन्या लाइनी परत दे म्हटलं, त्यावर "त्या कापून टाकल्या सर, कचऱ्याला काय करणार".

इथे पहिली फसवणूक आधीच झालेली होती, ती मला नंतर कळली. फ्रंट म्हणजे काइटच्या पुढच्या कडेला जाणाऱ्या दोन लाइनी, त्या लांबल्या हे त्याचं म्हणणं खरं होतं. पण लांबणं म्हणजे संपणं नव्हे. काइटचा बहुतेक सगळा भार पुढच्या दोन लाइनींवर असतो, त्यामुळे त्या वापराने थोड्या ताणल्या जातात, मागच्या दोघींवर (बारच्या टोकांना असतात त्या, त्यांनी काइट वळते) भार कमी आणि वर वीण मीठ-वाळूने भरते तशा त्या उलट किंचित आखडतात. चार-पाच सेंटीमीटरचा फरक पडला तरी मागच्या लाइनी आखूड ठरतात, म्हणजे तुम्ही बार सोडून दिला तरी काइटला ब्रेक लागलेलाच असतो आणि ती मागे पडते. यावर उपाय फुकट आहे. बहुतेक बारच्या टोकांना मागच्या लाइनींच्या लीडरवर (लाइन जिला अडकते त्या आखूड जाड दोरीवर) दोन-तीन गाठी दिलेल्या असतात, लाइन एक गाठ बाहेर सरकवायची, झालं. नाहीतर मागच्या दोन लाइनी खांबाला अडकवून अंगाचा भार टाकून चांगल्या ताणायच्या. दहा मिनिटांचं काम. त्याला हे माहीत नसेल हे शक्यच नाही, तो तिथे वर्षानुवर्षं हेच करतोय.

जूनमध्ये बार कुरिअरने पुण्याला आला. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्रिलला चारही टोकं अडकवली, बार पूर्ण ओढलेल्या स्थितीत धरून मागे रेललो, चारही लाइनी एका ताणात, बार सरळ. डाव्या बाजूची लाल लाइन अगदी लालभडक, स्लीव्ह (लाइनीच्या टोकांवरची विणलेली आवरणं) कोऱ्या, शिलाई नवी. (वॉचमनने विचारलं संक्रांत तर लांब आहे, आत्ताच मांजा का ताणताय.) तपासायचं म्हणून जे जे सांगतात ते सगळं पास झालं.

नंतर पावसाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्यावर रामेश्वरमला गेलो. ज्यांनी तिथला वारा बघितला नाही त्यांना सांगतो, मोरजीपेक्षा बराच जास्त, लोक छोट्या काइटवर असतात आणि दिवसभर वारा थांबत नाही. काइट मस्त झटपट वळत होती, आणि मला वाटलं बघा, नव्या लाइनींचा फरक. तो फरक कशाचा होता ते पुढे येतंच. मग एका झोतात डावी मागची लाइन बारजवळच तुटली. मागची एक लाइन गेली की दुसरीच तेवढी ओढते, त्यामुळे काइट त्या बाजूला वळते आणि हवेत गोल गोल फिरायला म्हणजे लूप घ्यायला लागते, प्रत्येक लूपला तुम्हाला उचलून ओढते. बार सोडला, तरी ती फिरतच होती कारण लाइनी एकमेकींत गुंतल्या होत्या, मग क्विक रिलीज (संकटात काइटची ओढ सोडवायची कळ) ढकलला आणि काइट एका फ्रंट लाइनवर फडफडत पाण्यावर पडली. पाणी कमरेएवढं होतं म्हणून चालत बाहेर आलो. हेच खोल पाण्यात, किंवा वारा किनाऱ्याकडून समुद्रात जात असताना झालं असतं तर हे लिहायला मी असतो का माहीत नाही.

तिथल्या इन्स्ट्रक्टरने तुटलेलं टोक बघितलं आणि काही न बोलता ब्लेड आणून स्लीव्ह उभी चिरली. आत लाइन लाल नव्हती. हिरवी होती, फिकट, आणि जुन्या स्वेटरसारखी केसाळ. स्लीव्हच्या तोंडापासून बाहेर लाल, आत हिरवी. म्हणजे कुठल्यातरी वापरून झालेल्या सेटची झिजलेली दोन्ही टोकं छाटली, अडकवायचे नवे फासे शिवले, वर कोऱ्या स्लीव्ह चढवल्या आणि मग रंगात बुडवल्या. रंग स्लीव्हच्या आत पोचला नाही एवढंच त्याचं चुकलं. ह्या लाइनी डायनीमा नावाच्या मजबूत प्लास्टिक धाग्याच्या असतात, आणि हा धागा रंग पीत नाही, लाइनीला जो रंग दिसतो तो वरच्या कोटिंगचा. म्हणून ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसली तर भरपूर लाल निघाला. (नव्या लाइनीचाही सुरुवातीला थोडा निघतो, पण असा फडकं रंगेल इतका नाही.) स्लीव्ह उलटी करून झटकली तर बारीक वाळू पडली. नव्या, न वापरलेल्या लाइनीत वाळू!

मग टेप लावली. कंपनीच्या माहितीप्रमाणे लीडर सोडून नुसती लाइन २२ मीटरची, आणि ह्या चारही भरल्या २० मीटर ४० सेंटीमीटर. चारही सारख्याच छाटलेल्या, म्हणून पार्किंगमधल्या टेस्टमध्ये काहीच सापडलं नाही, ती टेस्ट फक्त आपसातला फरक दाखवते, लांबी नाही. आणि लाइनी आखूड झाल्या की काइट चटकन वळते, म्हणजे माझा जो 'नव्या लाइनींचा फरक' होता तो छाटलेल्या दीड मीटरचा होता.

आता माझ्या स्वतःच्या लाइनींचं काय झालं ते ऐका. डावी-उजवी अंधारात ओळखता यावी म्हणून मी डाव्या मागच्या लाइनीच्या स्लीव्हवर बायकोच्या नेलपेंटचे दोन आडवे पट्टे मारले होते, जांभळ्या रंगाचे. रामेश्वरमहून आल्यावर हा सगळा किस्सा फोटोसकट आमच्या ओळखीतल्या लोकांना पाठवला, तर ठाण्याच्या एका मित्राचा फोन, अरे मी त्याच्याकडूनच पावसाळ्यात सेकंडहँड बार घेतला, 'लाइनी जवळजवळ नव्या' म्हणून वर सहा हजार जास्त दिले. त्याने व्हिडिओ कॉलवर बार उलगडला. जांभळे पट्टे. 'कचऱ्यात गेलेल्या' लाइनी ठाण्याला व्यवस्थित नांदत होत्या. म्हणजे बघा, माझ्या चांगल्या लाइनी मला संपल्या म्हणून सांगून काढून घेतल्या आणि दुसऱ्याला विकल्या, आणि कुणाच्या तरी खरंच संपलेल्या मला बसवल्या, आणि पैसे दोघांकडून घेतले. मित्र म्हणतो त्या उत्तम चालतात!

तर मग बदलायच्या कधी, कारण कायम बदलूच नका असंही मी म्हणत नाहीये. लाइनीला काही गाडीसारखा मीटर नसतो, रोज उडवणाऱ्या स्कूलचा सेट एका सीझनमध्ये संपू शकतो आणि महिन्यातून एकदा जाणाऱ्याचा दोन-तीन वर्षं जाऊ शकतो. ऊन, वाळू, खारं पाणी, किती जोरात उड्या मारता, वजन किती, सगळ्याचा हिशोब लागतो. मी आता बघतो ते असं की लाइन पूर्ण उलगडून, डोळे मिटून, दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत जायचं. कुठे केस आलेत, कुठे चपटी किंवा बारीक लागतेय, कुठे कडक झालीय ते बोटांना डोळ्यांपेक्षा आधी कळतं. कडक चकाकता तुकडा लागला तर समजायचं की दुसऱ्या कुणाच्या लाइनीशी ताणाखाली घासली गेलीय. डायनीमा साधारण दीडशे डिग्रीच्या आतच वितळतो, आणि दोन ताणलेल्या लाइनी एकमेकींवर घासल्या की तेवढी उष्णता सहज होते, तिथे ती उद्या तुटणार. गाठ बसली आणि सुटत नसेल तरी तेच, गाठीच्या जागी ताकद साधारण निम्म्यावर येते, मग लाइन तीनशे किलोचा ताण सोसणारी असो की पाचशेचा. सगळ्यात जास्त बघायचं ते स्लीव्ह जिथे संपते तिथे आणि शिलाईत, कारण वाकते तिथेच. आणि एकदा सारख्या करून घेतलेल्या लाइनी दोन-चार वेळा उडवून परत कमीजास्त व्हायला लागल्या तर मात्र खरंच वेळ आलीय. तेव्हा चारही बदलायच्या, निदान जोडी तरी, एकच नवी टाकली तर ती ताणली जाईपर्यंत रोज जुळवत बसावं लागतं.

आणि दुकानात द्यायच्याच असतील तर समोर उभं राहून. ते नाही जमलं तर नव्या सेटचं पाकीट नुसतं फोटोत नाही, पाकीटच हातात मागायचं, आणि जुन्या लाइनी तर हमखास मागायच्या. कितीही खराब असू देत, त्या तुमच्या आहेत. "फेकल्या" हे उत्तर आलं की मजुरीचे पैसे थांबवायचे. देण्याआधी टेपने लांबी मोजून फोनमध्ये लिहून ठेवायची, आणि एखाद्या स्लीव्हच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशी स्वतःची खूण करायची, माझी तर बाहेरून दिसत होती तरी त्याने पुसायचे कष्ट घेतले नाहीत, एवढा तो निर्धास्त होता. परत आल्यावर परत मोजायची, आणि लाइनीचा एक वेढा बादलीत टाकून बघायचा. डायनीमा पाण्यापेक्षा हलका, तरंगतो. नायलॉन-पॉलिएस्टरचा स्वस्त दोरा बुडतो. माझ्या तरंगल्या बरं का, त्यामुळे ही टेस्ट फक्त भेसळ पकडते, वय नाही.

सेकंडहँड बार घेणाऱ्यांनी डीपॉवरचा दोरही तपासा, ज्यावर बार वरखाली सरकतो तो. त्यावर प्लास्टिकचं आवरण असेल तर आत किती झिजलाय हे दिसतच नाही, वाकवून बघा, मध्येच मऊ लागला तर सोडा. क्विक रिलीजसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे स्टँडर्ड आलं, त्यानंतरचा बार मिळाला तर उत्तम, आणि कुठलाही असो, रिलीज ताणाखाली उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तक्रारीचं सांगतो, बऱ्याच जणांना वाटतं की गोव्यात फसलो म्हणजे गोव्यातच हेलपाटे. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन, आवाजात एकदम साखर, "सर गैरसमज झाला, मुलाने चुकून दुसरा सेट बसवला, मी अडीच हजार मजुरी परत करतो." अठरा हजारांचं विचारलं तर म्हणे सेट तुम्ही वापरलात ना. मजुरीचे पैसे घेतले नाहीत. बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, "इम्पोर्टेड सेट फिट केला" असा त्याचा स्वतःचा मेसेज आहे, चिरलेल्या स्लीव्हचे फोटो आहेत आणि तुटलेलं टोक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय. ई-जागृतीवर (ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर) तक्रार गेलीय, तारीख यायची आहे. ठाण्याचा मित्र माझ्याबरोबर यायला अजून तयार नाही, त्याला भीती आहे की आयोगाने त्या लाइनी मला परत द्यायला सांगितल्या तर.