सोसायटीच्या कमळतळ्यासाठी बीटीआय पावडर: घ्यावी का?

घ्यावी. बीटीआय ही डासांच्या अळ्या मारणारी पावडर. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये कमळं आणि गप्पी असलेली जी छोटी तळी आहेत, त्यांच्यासाठी डासांवर याहून बरं औषध बाजारात नाही. त्याआधी एक करा: पेस्ट कंट्रोलवाला गटाराच्या पंपानेच तळ्याच्या कडेला सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक मारत असेल, तर त्याला थांबवा. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम सायपरमेथ्रिनही माशांचा जीव घेऊ शकतं.

मासे वाचले म्हणून तळं वाचलं असंही नाही. पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, तरंगतं शेवाळ खातात. त्या मेल्या की काही आठवड्यांत पाणी हिरवंगार होतं, रात्री ऑक्सिजन उतरतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. चतुराच्या अळ्याही गेलेल्या असतात. डास बाहेरून उडत येऊन पुन्हा अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या खायला कोणी उरलेलं नसतं. म्हणजे फवारणीनंतर डास वाढले ही रहिवाशांची तक्रार खरी असू शकते. टेमेफॉस हे दुसरं अळीनाशक माशांना त्या मानाने सौम्य, पण पाणपिसवांना नाही. जिवंत तळ्यात तेही नकोच.

बीटीआय हे जिवाणूजन्य औषध. ते अळीच्या पोटात गेल्यावर, तिथल्या अल्कधर्मी रसातच विषारी बनतं. मासे, बेडूकमासे, चतुर यांना ते बाधत नाही. मात्रा चौरस मीटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे २० चौरस मीटरच्या तळ्याला १० ग्रॅम. दोन लिटर पाण्यात कालवा, फडक्यातून गाळा (नाहीतर नोझल हमखास तुंबतो) आणि ऊन उतरल्यावर फवारा, कारण उन्हात त्याचा जोर जातो. कारंजं आणि फिल्टर रात्रभर बंद ठेवा. ‘थोडं जास्तच टाकू’ हा मोह टाळा. जादा मात्रेने तळातल्या लाल अळ्याही मरतात, आणि त्या माशांचं खाद्य आहेत.

उणिवाही आहेत. २४ तासांनी पळीने पाणी काढून पाहा: अळ्या मेलेल्या दिसतील, पण स्वल्पविरामासारखे वाकडे कोष वळवळत असतील. कोष काही खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर हे चालत नाही. पावडर तळाशी बसते, म्हणून पृष्ठभागाला समांतर राहून चरणाऱ्या ॲनोफिलिसच्या (मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या) अळ्यांवर परिणाम कमी दिसतो. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातही ती कमी पडते. आपल्याकडच्या उष्म्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा दर आठवड्याला अळ्या तपासा आणि दिसल्या तरच पुन्हा मारा.

घेताना लेबलावर ‘इस्रायलेन्सिस’ (बीटीआयमधला ‘आय’, जिवाणूच्या वाणाचं नाव) लिहिलंय ना, ते वाचा. कृषी सेवा केंद्रात नुसतं ‘बीटी’ मागितलं तर बहुधा ‘कुर्स्टाकी’ हा दुसरा वाण हातात पडतो. तो भाजीवरच्या अळ्यांसाठी असतो, डासांच्या अळ्यांसाठी नाही. पाकीट फोडल्यावर झाकण घट्ट असलेल्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत पावडरीचे गोळे होतात आणि तसे गोळे झालेला माल वापरू नये.