टोकियोत अमेरिकन स्टाइल जेवायचंय: डेनीज की आउटबॅक?

टोकियोला फॅमिली घेऊन जाणारे किंवा जॉबसाठी तिकडे शिफ्ट होणारे बरेच जण विचारतात की रामेन-सुशीचा कंटाळा आला, पोरं काहीतरी ओळखीचं मागायला लागली तर बसून निवांत कुठे जेवायचं. बर्गरची काउंटरवाली दुकानं सोडून द्या, ती सगळीकडे आहेत. टेबलवर बसून जेवायचं तर माझ्या मते बघण्यासारखे पर्याय दोन, डेनीज आणि आउटबॅक स्टेकहाऊस. रोप्पोंगीत १९८३ ला सुरू झालेलं हार्ड रॉक कॅफे पण आहे पण तिथे लोक जेवणापेक्षा म्युझिक आणि टी-शर्टसाठी जास्त जातात, म्हणून ते इथे धरत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण गडबड इथेच होते. डेनीज नावाने अमेरिकन आहे, आतून पूर्ण जपानी. १९७४ ला योकोहामाच्या कामिओओकाला इतो-योकादो या जपानी सुपरमार्केट ग्रुपने पहिलं डेनीज काढलं (त्याच ग्रुपने त्याच वर्षी टोकियोत पहिलं सेव्हन-इलेव्हन पण काढलं), आणि १९८४ ला जपानपुरते ट्रेडमार्कचे हक्कच विकत घेतले, त्यामुळे अमेरिकेतल्या डेनीजचा मोठा ब्रेकफास्ट डोक्यात ठेवून जाल तर तो मिळणार नाही. मिळेल काय तर हांबागु, म्हणजे पावाशिवायची खिम्याची पॅटी, वर सॉस, बाजूला भात किंवा ब्रेड, मग दोरिया म्हणजे भातावर व्हाइट सॉस आणि चीज घालून भाजलेलं, पास्ता, करी, आणि सीझनच्या फळांची पार्फे, म्हणजे उंच ग्लासात आइस्क्रीम, क्रीम आणि फळांचे थर. पार्फे खरंच सुंदर असतात, नुसत्या त्यासाठी जायला पण हरकत नाही.

आउटबॅक याच्या उलट. सजावट ऑस्ट्रेलियाची आहे पण कंपनी फ्लोरिडाची, १९८८ ला टँपाला सुरू झालेली, आणि टोकियोत आलात तरी स्टेक, रिब्ज, चीज घातलेले फ्राइज, फुलासारखा कापून तळलेला अख्खा कांदा, सगळं अमेरिकन मापातच येतं. शिबुया, शिनागावा, रोप्पोंगी अशा भागात आहे. इथे चौघांनी चार मेन डिश मागवायची चूक करू नका, एक स्टार्टर आणि दोन-तीन मेन वाटून घ्या, कारण उरलेलं पार्सल करून नेणं आपल्याकडे जसं सहज असतं तसं जपानमध्ये नसतं आणि अन्न टाकून उठायचं जिवावर येतं.

पैशाचा फरक मोठा आहे. शंभर येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये धरा. डेनीजला ड्रिंक बार घेऊन माणशी दीड-दोन हजार येनमध्ये पोट भरतं, ड्रिंक बार म्हणजे एकदा पैसे भरा आणि कॉफी, चहा, कोल्ड ड्रिंक हवं तितकं स्वतः जाऊन घ्या. आउटबॅकला रात्री स्टेक घेतला तर माणशी चार-पाच हजार सहज होतात. मन आउटबॅकवरच असेल तर वीकडेला दुपारी जा, लंच मेनू बराच स्वस्त पडतो. दोन्हीकडे टिप द्यायची नाही, पाणी फुकट. बसून खाल्लं तर टॅक्स १० टक्के, पार्सलला ८, आणि मेनूवर टॅक्स धरूनची किंमत दिलेली असते, तीच बघा.

आता शाकाहारी लोकांचं, यावर जरा जास्त बोलायचंय कारण आपल्याकडून जाणाऱ्यांत घरटी एक तरी असतोच आणि त्याचे खूप हाल होतात. हांबागुमध्ये बहुतेक वेळा बीफ आणि पोर्क मिक्स असतं, म्हणजे बीफ न खाणाऱ्यांनी पण जपून. दोरियात कोळंबी किंवा खिमा, सॅलडवर बेकन, करी नुसती भाजीची दिसली तरी बेसमध्ये मांसाचा अर्क असू शकतो. डेनीजसारख्या मोठ्या चेनमध्ये अ‍ॅलर्जीचा तक्ता मिळतो, तो नक्की मागा, कारण जपानच्या अ‍ॅलर्जी पदार्थांच्या यादीत बीफ, पोर्क, चिकन आणि जिलेटिन पण येतात, म्हणजे तक्त्यात हे कॉलम असतील तर कुठल्या डिशमध्ये काय आहे ते जपानी न येता पण कळतं. पण त्या यादीत कात्सुओ मासा नाही, आणि सूप, सॉस, ड्रेसिंगमध्ये जी दाशी (उकळून काढलेला जपानी स्टॉक) घालतात ती बऱ्याचदा त्याच माशाची असते, त्यामुळे तक्ता कोरा दिसला म्हणून डिश शाकाहारी झाली असं नाही. आउटबॅकचा तो कांदा पण कांदाच आहे म्हणून डोळे झाकून मागवू नका, कशात तळलाय आणि पिठात काय आहे ते विचारा. अंडं-दूध चालणाऱ्यांना डेनीजमध्ये पॅनकेक, फ्राइज, टोस्ट यावर वेळ मारून नेता येते. कडक शाकाहारी किंवा जैन असाल तर मी दोन्हीकडे पाठवणार नाही, सरळ टोकियोच्याच एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईला जा, भारतीय वस्ती आहे, हॉटेलं आहेत, तिथे निदान आपल्या भाषेत समजावून सांगता येतं.

आजी-आजोबा आणि लहान पोरं बरोबर असतील तर माझं मत पक्कं डेनीज. मेनूवर सगळ्याचे फोटो, टेबलावर बेल, किड्स मेनू, आणि ड्रिंक बारवर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही, दिवसभर चालून पाय दुखत असतात तेव्हा हे फार मोलाचं वाटतं. सकाळी अंडी-टोस्टचा मॉर्निंग सेट पण हॉटेलच्या ब्रेकफास्टपेक्षा बराच स्वस्त पडतो. एकट्याने जाणाऱ्यालाही डेनीजच बरं. आउटबॅक मित्रांच्या ग्रुपला, मांस आवडीने खाणाऱ्यांना, कोणाचा वाढदिवस असेल तेव्हा. शुक्रवार-शनिवार रात्री आधी बुकिंग करून जा. रविवारी दुपारी डेनीजला पण वेटिंग असतं, दारातच नाव आणि माणसं किती ते नोंदवायचं, तिथे जाऊन नुसते उभे राहिलात तर मागून आलेले आधी आत जातील.