टायटलसेक : मराठी पुस्तकाची शीर्षकं बसवायला कितपत कामाचं?

लाटेक या आज्ञा लिहून पानं मांडायच्या प्रणालीचा 'बुक' वर्ग, म्हणजे पुस्तकाचा तयार साचा, जसाच्या तसा घेऊन मराठी पुस्तक लावलं, की पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावरच बिंग फुटतं. वर ५० पॉइंट (इंचाचे सुमारे ७२ पॉइंट) कोरी जागा, मग 'प्रकरण १' ही ओळ २०.७४ पॉइंटांत, त्याखाली २० पॉइंटांचं अंतर, मग शीर्षक २४.८८ पॉइंटांत आणि शेवटी आणखी ४० पॉइंट. शीर्षक एका ओळीचं असलं तरी दोन इंचांहून जास्त जागा गेली. ए-फोर प्रबंधात हे खपून जातं. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या मापाच्या, पुस्तकात मजकुराची उंची जेमतेम सात इंच. तिथे पानाचा जवळपास तिसरा हिस्सा शीर्षकच खातं.

हे बदलण्यासाठी हावियर बेझोस यांचं टायटलसेक हे पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायचा तयार संच, आहे. लाटेकमध्ये वेगवेगळ्या भाषा आणणाऱ्या बेबेल पॅकेजची देखभालही हेच गृहस्थ करतात, त्यामुळे जगभरच्या लिप्या त्यांना नव्या नाहीत. पॅकेज मोफत आहे, टेक लाइव्ह आणि मिकटेक या लाटेकच्या वितरणांत मिळतं, ओव्हरलीफ या ऑनलाइन संपादकावर वेगळं बसवावं लागत नाही. पाचपैकी चार गुण. पाचवा का कापला ते पुढे येईलच. थोडक्यात, याचे ठरीव आकडे रोमन अक्षर डोळ्यासमोर ठेवून घेतलेले आहेत आणि देवनागरीसाठी त्यातले बरेचसे स्वतः बदलावे लागतात.

(खाली आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना ती रोमनमध्ये, आधी उलटी तिरकी रेघ देऊन.)

कामाच्या आज्ञा मुळात दोनच : टायटलफॉरमॅट आणि टायटलस्पेसिंग. टायटलफॉरमॅटला क्रमाने द्यायचं ते असं. पहिल्या महिरपी कंसात कुठलं शीर्षक, म्हणजे चॅप्टर की सेक्शन. मग चौकटी कंसात आकार, म्हणजे मांडणीचा प्रकार. नंतर चार महिरपी कंस : अक्षराची घडण, क्रमांक कसा छापायचा, क्रमांक आणि शीर्षक यांतलं अंतर, आणि शीर्षकाच्या लगेच आधी चालवायची आज्ञा. सगळ्यांत शेवटी, हवा असल्यास, आणखी एक चौकटी कंस : शीर्षकानंतर काय करायचं.

नवखे अडखळतात ते तिसऱ्या जागी. घडणीच्या कंसात फक्त फॉन्ट, अक्षराचं माप, संरेखन आणि उभी अंतरं चालतात. तिथे एखादं अक्षर किंवा चौकोन टाकला, की 'एंटर्ड इन हॉरिझॉन्टल मोड' अशी चूक येते आणि माणूस फॉन्टला दोष देत बसतो. छापायची गोष्ट क्रमांकाच्या किंवा 'आधीच्या आज्ञे'च्या कंसात जाते. यातही एक खोच आहे : क्रमांक 'आधीच्या आज्ञे'त लिहिला, तर तारांकित (बिनक्रमांकाच्या) शीर्षकालाही तो चिकटतो, आणि ऋणनिर्देशाच्या डोक्यावर मागच्या प्रकरणाचा आकडा दिसतो. क्रमांक त्याच्या स्वतःच्या कंसात ठेवला, की ऋणनिर्देश आणि संदर्भसूची आपोआप बिनक्रमांकाची राहतात. त्यांची मांडणीच वेगळी हवी असेल, तर पहिल्या कंसात 'नेम बरोबर सेक्शन, नंबरलेस' असं ('बरोबर' म्हणजे = हे चिन्ह) लिहून दुसरी व्याख्या देता येते. ही सोय फार उपयोगी आहे आणि बहुतेकांना माहीत नसते.

अंतराचा कंस आकाराप्रमाणे अर्थ बदलतो. 'हँग'मध्ये, म्हणजे क्रमांक डावीकडे आणि शीर्षकाच्या पुढच्या ओळी त्याच्या उजवीकडे एका रेषेत, हे अंतर आडवं असतं. 'डिस्प्ले'मध्ये, म्हणजे वर 'प्रकरण १' आणि खाली शीर्षक, तेच अंतर उभं होतं. सेक्शनची ओळ उचलून चॅप्टरला चिकटवली, की 'प्रकरण १' आणि शीर्षक एकमेकांना खेटून येतात, ते यामुळेच.

आता मराठीकडे. आकडे देवनागरीत येण्याशी टायटलसेकचा संबंध नाही. बेबेलमध्ये मराठी आणताना मॅपअरेबिक द्यायचं, किंवा पॉलिग्लॉसिया या त्याच्या पर्यायी पॅकेजात न्युमरल्स देवनागरी करायचं. मग प्रकरणाचा क्रमांक देणारी दचॅप्टर ही आज्ञा आपोआप १, २, ३ छापते. इंजिन, म्हणजे फाइलवरून पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम, झीलाटेक किंवा, हार्फबझ या अक्षरजोडणीच्या सोयीसह, लुआलाटेक. ओव्हरलीफवर नवा प्रकल्प पीडीएफलाटेकवर उघडतो, ते आधी बदलायचं.

पॅकेज बोलावताना 'एसएफ', 'अपरकेस' असे झटपट पर्याय देता येतात. मराठीसाठी ते विसरा. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, स्मॉल कॅप्स नाहीत, आणि 'एसएफ' (सॅन्स, म्हणजे बिनटोकाची अक्षरं) तर घातकच : फक्त मुख्य फॉन्ट मराठी ठेवला असेल, तर सॅन्स कुटुंब लॅटिन मॉडर्न या रोमन फॉन्टचं राहतं, त्यात देवनागरी नाही, आणि शीर्षकं चक्क कोरी छापली जातात. चूक म्हणून काम थांबत नाही. 'मिसिंग कॅरेक्टर' ही ओळ लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीच्या फाइलीत, असते. अक्षरं फाकवून शीर्षक उठावदार करायची इंग्रजी युक्तीही इथे चालत नाही, कारण शिरोरेषा तुटते.

म्हणजे हाताशी उरतं काय? वजन (अक्षराचा जाडपणा), माप आणि मोकळी जागा. वजनासाठी फॉन्ट नीट निवडावा लागतो. पवईच्या आयआयटीतून आलेला शोभिका मजकुराला उत्तम आहे, पण त्यात साधं आणि ठळक अशी दोनच वजनं. मुंबईच्याच एक टाइपच्या मुक्तामध्ये सात आहेत. मजकूर शोभिकात आणि शीर्षकं मुक्ताच्या सेमीबोल्डमध्ये हे जोडपं डेमी पानावर चांगलं दिसतं. त्यासाठी न्यूफॉन्टफॅमिलीने शीर्षकाचं वेगळं कुटुंब करून ते घडणीच्या कंसात बोलवायचं. तिथेही स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी हे दोन्ही द्यायला विसरू नये. मराठी वळणाचे ल आणि श ज्या फॉन्टमध्ये आहेत, त्यात ते भाषा सांगितल्याशिवाय उमटत नाहीत. मजकुरात एक ल आणि मथळ्यात दुसरा, असं पुस्तक दादरच्या कुठल्याही ग्रंथप्रदर्शनात हाताला लागतं.

पाचवा गुण कापला तो ओळींच्या अंतरावर. मूळ २४.८८ पॉइंट अक्षराला लीडिंग (एका ओळीपासून दुसरीपर्यंतचं अंतर) ३० पॉइंटांचं आहे. रोमनला पुरतं. आता दोन ओळींचं शीर्षक घ्या : वर 'महाराष्ट्रातील भूपृष्ठ' आणि खाली 'आणि भौगोलिक वर्गीकरण'. वरच्या ओळीचे ऊकार-ऋकार खाली उतरतात, खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार आणि काना-दोन मात्रा वर चढतात. दोन्ही मिळून लीडिंग ओलांडलं, की टेक, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम, दोन ओळींत नेमून दिलेली किमान फट, म्हणजे १ पॉइंट, सोडून मोकळा होतो. मग तीन ओळींच्या शीर्षकात पहिली फट एक आणि दुसरी वेगळीच, असा प्रकार होतो. उपाय सोपा आहे : 'ह्यूज', 'लार्ज' या शब्दांवर विसंबू नका, फॉन्टसाइझने दोन्ही आकडे (अक्षर आणि लीडिंग) स्वतः द्या. ११ पॉइंट मजकुराच्या (लीडिंग १७) डेमी पुस्तकाला प्रकरण २० वर ३०, सेक्शन १४ वर २१, उपविभाग १२ वर १८ हे आकडे बसतात. दीडपटीच्या खाली जाऊ नका.

हीच गोष्ट रेघेची. शीर्षकाखाली टायटलरूल टाकायला शेवटचा चौकटी कंस आहे, पण रेघ थेट दिली तर 'कृती'चा ऋकार तिच्यावर टेकतो. आधी ५-६ पॉइंटांचं व्हीस्पेस द्या. रेघ वरच्या बाजूला असेल, तर रफारासाठी तेवढीच जागा तिथेही.

टायटलस्पेसिंग तुलनेने सरळ : कुठलं शीर्षक, डावीकडची जागा, वरची, खालची. तारांकित रूप वापरलं, तर शीर्षकानंतरच्या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीआधीची मोकळी जागा निघून जाते. चॅप्टरला वर शून्य आणि खाली २४ पॉइंट, सेक्शनला वर १८ (अधिक ४, उणे २) आणि खाली ८, एवढ्याने पान सुटसुटीत होतं. तारा आणि आकडा लिहून ईएक्सच्या पटीत अंतर देण्याची सोय आहे, पण ईएक्स म्हणजे रोमन एक्सची उंची. देवनागरी फॉन्ट बदलला की अंतरं विनाकारण हलतात. पॉइंटच बरे. सेक्शनच्या लगेच खाली उपविभाग आला, तर मधे फक्त पहिल्याचं खालचं अंतर पडतं. 'लार्जेस्टसेप' हा पर्याय दिला, की दोन्हींतलं मोठं धरलं जातं. शीर्षक मध्यभागी हवं असेल, तर सेंटरिंगऐवजी पॅकेजची फिलसेंटर वापरा.

बाकीच्या आकारांपैकी 'रनइन' (शीर्षक आणि मजकूर एकाच ओळीत) पाठ्यपुस्तकी उपविभागांना छान. तिथे टायटलस्पेसिंगचं शेवटचं अंतर आडवं मोजलं जातं हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं. 'लेफ्टमार्जिन' प्रबंधाला टाळा. समासात टाकलेलं शीर्षक बांधणीत जातं आणि फोर्टमधला बाइंडर त्यावर काही करू शकत नाही.

पानाच्या तळाशी एकटं पडणारं शीर्षक रोखायला 'नोबॉटमटायटल्स' आहे. त्याची ठरीव मर्यादा मजकुराच्या उंचीच्या ०.२, म्हणजे डेमीत १७ पॉइंटांच्या जवळपास सहा ओळी. पुस्तकाला हे फार होतं, पानं अर्धवट सुटतात. बॉटमटायटलस्पेस ०.१२ वर आणा.

लोअर परळ-प्रभादेवीच्या गाळ्यांतून एकरंगी ऑफसेटवर छपाई होणार असेल, तर शीर्षकाला करडा रंग देऊ नका. पडद्यावर तो सुरेख दिसतो, प्लेटवर त्याचे ठिपके होतात आणि शिरोरेषा कुरतडल्यासारखी उमटते. शंभर टक्के काळा ठेवा, फरक वजनाने दाखवा.

अनुक्रमणिकेवर या दोन आज्ञांचा काही परिणाम होत नाही. त्यासाठी सोबतचं टायटलटॉक आणि पानाच्या डोक्यावरच्या ओळीसाठी टायटलपीएस. ओळ मोडलेल्या लांब शीर्षकाला सेक्शनच्या चौकटी कंसात छोटं रूप द्यावं, नाहीतर ती मोड अनुक्रमणिकेतही उतरते.

कोमा-स्क्रिप्ट या दुसऱ्या संचाचा वर्ग वापरत असाल, तर टायटलसेक घेऊच नका. कोमा स्वतःच तसा इशारा देतं, आणि त्याची रीडिक्लेअरसेक्शनकमांड हेच काम करते. मेमॉयर या वर्गाचीही स्वतःची यंत्रणा आहे. फक्त फॉन्ट बदलायचा असेल, तर सेक्टस्टाय हे पॅकेज पुरेसं. आणि कार्यालयातल्या जुन्या उबुंटू १६.०४ वर सेक्शनचे क्रमांक एकाएकी गायब झाले, तर स्वतःची फाइल तपासत बसू नका : त्यातल्या टायटलसेकच्या २.१०.१ आवृत्तीतच तो दोष होता, २.१०.२ मध्ये दुरुस्त झाला. टायटलसेकची नवी एसटीवाय फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवली की क्रमांक परत येतात.