मंगोलियात पशुपालकांच्या घरी राहायचंय, तर जुलै की सप्टेंबर?

दोन्ही महिने करून झालेत म्हणून लिहितोय. पहिल्यांदा 2022 च्या सप्टेंबरात गेलो, दुसऱ्यांदा 2024 च्या जुलैत, दोन्ही वेळा अर्खांगाई ऐमागात म्हणजे प्रांतात, तारियात गावाच्या बाजूला, आणि दोन्ही वेळा टुरिस्ट कॅम्पात न राहता घरात राहिलो. घरात म्हणजे कधी त्यांच्याच गेरमध्ये, म्हणजे गोल तंबूत, कधी शेजारी पाहुण्यांसाठी उभारलेल्या छोट्या गेरमध्ये. गेर कसं असतं, उंबऱ्यावर पाय का द्यायचा नाही, मधल्या दोन खांबांमधून का जायचं नाही, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, त्यात वेळ घालवत नाही. मला सगळे विचारतात तो प्रश्न एकच, कधी जाऊ?

जवळजवळ प्रत्येक जण सप्टेंबर सांगतो. मलाही तेच सांगितलं होतं आणि सांगणारे खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोंगरावरची लार्चची झाडं हळदीसारखी पिवळी होतात, आभाळ असं निळं की फोटो बघून लोक विचारतात एडिट केलाय का, पाऊस जवळजवळ संपलेला त्यामुळे कच्चे रस्ते कोरडे, माश्या नाहीत, डास नाहीत. आइराग म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, ते सप्टेंबरात मुरलेलं असतं, जास्त आंबट आणि जास्त झणका असलेलं, मला तरी जुलैपेक्षा तेच आवडलं. फोटोग्राफी हेच तुमचं मुख्य काम असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, सप्टेंबरच करा.

आणि जुलैचा त्रास खरा आहे. वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस याच महिन्यात. आमची गाडी ओढा ओलांडताना चिखलात बसली ती चार तासांनी निघाली, दुसऱ्या गाडीवाल्यानं दोर लावून ओढली तेव्हा. माश्या तर विचारू नका, ओरोम म्हणजे त्यांची जाड साय, ती वाटीत काढली की झाकायला हात मोकळा ठेवावा लागतो. त्यात 11 जुलैपासून नादाम, म्हणजे त्यांचा खेळांचा मोठा उत्सव, त्या दिवसांत ड्रायव्हर मिळत नाही, मिळाला तर दुप्पट सांगतो, आणि पशुपालक स्वतःच घोडे घेऊन सुमच्या, म्हणजे तालुक्याच्या, नादामला गेलेले असतात, तुम्ही दारात जाऊन कुत्र्याशी बोलणार. त्यामुळे जुलै म्हणतो तेव्हा मी नादाम उरकल्यानंतरचा जुलै म्हणतोय, साधारण 18 तारखेपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

थंडीचं आधी सांगून टाकतो, कारण बॅग त्यावर ठरते. सप्टेंबरात तारियातकडे रात्री शून्याच्या खाली जातं. शेगडी रात्री पेटवून देतात, पण लाकूड भराभर जळतं, दीड-दोन तासांत गेर बाहेरइतकंच गार. माझ्या पायाशी ठेवलेल्या बाटलीत सकाळी वर बर्फाची साय धरलेली होती. म्हणजे उणे दहाची स्लीपिंग बॅग, थर्मल, लोकरीची टोपी, दोन जोड जाड मोजे, आणि झोपताना गरम पाण्याची पिशवी, हे सगळं लागतंच. जुलैतही रात्री स्वेटर लागतो, पण पातळ स्लीपिंग बॅग आणि त्यांची गोधडी यावर भागतं. माझी बॅग जुलैत साडेचार किलोनं हलकी होती आणि ती जागा मी भेटवस्तूंना दिली. इन्स्टॅक्स कॅमेरा दोन्ही वेळा नेला होता, जागच्या जागी फोटो काढून द्यायला यापेक्षा चांगली भेट नाही, पण सप्टेंबरच्या थंडीत प्रिंट फिकट निघतात, फोटो बाहेर आला की लगेच जॅकेटच्या आत धरून ठेवायचा. जुलैत ही भानगड नाही.

शाकाहारी असाल तर जुलैकडे पारडं आणखी झुकतं. उन्हाळ्यात त्यांचं जेवणच दुधाचं असतं, त्याला पांढरं अन्न म्हणतात, ओरोम, दही, चीज, आणि आरूल म्हणजे वाळवलेला चक्का, गेरच्या छपरावर फळ्यांवर वाळत टाकलेला दिसेल. उन्हात मांस टिकत नाही म्हणून ते कमी खातात. सप्टेंबरकडे जनावरं चरून लठ्ठ होतात आणि रात्रीच्या पातेल्यात मटण परत येतं. आम्ही दोन्ही खाणारे, आमची अडचण नव्हती, पण सोबतच्या मित्राचे सप्टेंबरातले तीन दिवस मीठ घातलेला दुधाचा चहा, मेतकूट-भात आणि घरून नेलेल्या दशम्या यावर गेले. कच्चं दूध कुठल्याही महिन्यात पिऊ नका. आइराग पहिल्यांदा अर्धी वाटीच घ्या, नवख्याचं पोट हमखास बिघडतं, नको असेल तर ओठ लावून वाटी परत द्या, चालतं, पण वाटी हातातच न घेणं बरं दिसत नाही. ओआरएसची पाकिटं ठेवाच.

इथपर्यंत बघितलं तर हिशोब बरोबरीचा वाटेल. माझा निर्णय ज्यावर ठरला ते कुठल्याच यादीत नव्हतं.

2022 ला विसर्जन झाल्यावर निघालो आणि 14 सप्टेंबरला त्या घरी पोचलो. जाण्याआधी अप्पा बळवंत चौकातून बारा चित्रकलेच्या वह्या, क्रेयॉनचे सहा डबे, हवा काढलेले दोन फुटबॉल आणि पंप घेतला होता, कारण ड्रायव्हरनं फोनवर सांगितलेलं की घरात तीन पोरं आहेत. ड्रायव्हरनं गाडी थांबवून रीतीप्रमाणे "नोखोइ खोर" म्हणून हाक दिली, म्हणजे कुत्रा धरा. बाहेर एकच माणूस आला, पन्नाशीचा, देल म्हणजे लांब अंगरखा, त्याच्या बाह्या मागं सारलेल्या, हाताला पीठ. बायको कुठंय विचारलं तर म्हणाला सुमला. पोरं? सुमला. मंगोलियात शाळा 1 सप्टेंबरला सुरू होते. पशुपालकांची पोरं सुमच्या गावी शाळेच्या वसतिगृहात राहतात, आणि यांचा धाकटा सहा वर्षांचा, त्या वर्षी पहिलीत गेलेला, त्याला एकट्याला ठेववत नाही म्हणून आई तिथं गेर टाकून राहिली होती. आपल्याकडं मेंढरं घेऊन धनगरांचा वाडा कोकणात उतरतो तेव्हा पोरं शाळेसाठी आजीजवळ गावी ठेवतात ना, तसंच, फक्त इथं आईच पोरांमागं गेलेली.

मग तो माणूस एकटा. सकाळी याकचं दूध काढायचं, एरवी ते बायकांचं काम, मग मेंढरं-शेळ्या बाहेर काढायच्या, मोटरसायकलवर घोडे बघून यायचं, पाणी, शेण, लाकूड, संध्याकाळी सगळं परत आत. आणि त्यात आम्ही तिघं. रात्री नऊ वाजता तो माणूस शेगडीपाशी बसून पिठाची पोळी लाटत होता, ती शेवयांसारखी कापून मटणाच्या सुपात सोडली, पहिल्या वाट्या आम्हाला दिल्या, आणि स्वतः खाताना त्याचे डोळे मिटत होते. एक शब्द बोलला नाही. मी दुसऱ्या दिवशी शेणाची टोपली उचलायला गेलो, तर त्यानं हसून काढून घेतली, कारण मी कुठं भरायचं, कुठं ओतायचं हे दाखवण्यात त्याचा अजून वेळ जाणार. आमच्यामुळं त्याचं काम वाढलं होतं, हे दर तासाला जाणवत होतं. चार रात्री ठरल्या होत्या, पैसे चार रात्रींचे दिले आणि तिसऱ्या दिवशी निघालो. वह्या आणि फुटबॉल तसेच, ते त्याच्याजवळ ठेवून आलो. दार उघडलं की समोर ते सोन्यासारखे डोंगर होते, आणि मला आठवतात ते त्याचे पिठाचे हात.

जुलैचं घर तिथून फार लांब नाही, पण दुसऱ्याच जगातलं. त्यांची तीन पोरं, वर उलानबातरहून सुट्टीला आलेली भावाची दोन, तिथं शहरातली पोरं उन्हाळ्यात गावाकडं पाठवायची पद्धतच आहे, एकदम आपल्या मे महिन्यासारखं. गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटांत कुठला कुत्रा चावतो आणि कुठला नाही, हे आम्हाला सात वर्षांच्या पोरीनं हाताला धरून दाखवलं. उजेड नऊपर्यंत असतो. शिंगरं दोरीला बांधलेली असतात आणि दर दोन-एक तासांनी घोड्यांचं दूध काढतात, प्रत्येक वेळी ती पोरगी आम्हाला बोलवायला यायची. दारातून आत जाताना चामड्याच्या पिशवीतला आइराग घुसळायच्या दांड्यानं चार-सहा वेळा हलवायचा असतो, हे तिनंच शिकवलं. मोठ्यांशी बोलायचं तर दुभाषा हवा, तीन प्रश्न होतात आणि विषय संपतो. पोरांना दुभाषा लागत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पाऊस लागला आणि सगळे आत बसलो, तेव्हा तिनं एक कापडी पिशवी आणून गालिच्यावर ओतली. शागाइ, मेंढीच्या घोट्याची हाडं, झिजून गुळगुळीत झालेली. हाड कसं पडतं त्यावर नाव, घोडा, उंट, मेंढी, शेळी. ते शिकवून झालं आणि मग तिनं एक हाड वर उडवलं, खालची दोन उचलली आणि वरचं त्याच हातात झेललं. माझी बायको एकदम ओरडली, "अगं बाई, हे तर सागरगोटे!" पुढचे दोन तास ती आणि पाच पोरं. मुलीची आई आरूलचे तुकडे करता करता मधूनच बघायची आणि हसायची, मग तीही येऊन बसली. बापानं त्या वर्षीच्या झुडबद्दल, म्हणजे जनावरं मारणाऱ्या कडक हिवाळ्याबद्दल, तेव्हाच सांगितलं. 2023-24 च्या त्या हिवाळ्यात देशभरात 70 लाखांहून जास्त जनावरं मेली, यांच्या शेळ्या निम्म्या राहिल्या. पोरं खेळत असताना, शेगडीत लाकूड सारत, आमच्याकडं न बघता बोलत होता. दुभाषा होता सोबत, पण ते बोलणं त्या संध्याकाळीच होऊ शकलं असतं असं मला वाटतं.

तेव्हा माझं मत जुलैकडं आहे. दोन घरांवरून बोलतोय हे मान्य, सप्टेंबरातही आजी-आजोबा आणि शाळेआधीची पोरं असलेलं घर मिळू शकतं, आणि तुम्हाला शांतता हवी असेल तर माझा अनुभव तुमच्या कामाचा नाही. पण घरी राहायला जाताय ना, मग घर भरलेलं असताना जा. चिखल धुऊन निघतो. डासांना ओडोमॉस आणि माश्यांना पातळ जाळी पुरते. आपल्याकडं जुलैत शाळा चालू असतात ही अडचण खरी, पण पोरं चौथीच्या आतली असतील तर दहा दिवसांनी काही बुडत नाही, उलट त्यांना सोबत नेलंत तर तिथं तुमच्यापेक्षा जास्त मान त्यांना मिळेल.

बाकी तयारी दोन्ही महिन्यांत एकच. तुग्रिक रोख ठेवा, सगळ्यात मोठी नोट 20,000 ची, त्यामुळं गठ्ठा जाडच होतो. हेड टॉर्च, पॉवर बँक, ओले टिश्यू. घरात सोलर आणि टीव्ही बहुतेक असतोच, पण त्यांच्या बॅटरीवर तुमचे तीन फोन लावू नका. कुत्र्यांमुळं रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. भेट उजव्या हातानं द्यायची, डावा हात कोपराला लावून. आणि एक वाक्य पाठ करून जा. उन्हाळ्यात "सैखन झुसाज बाइन ऊ", उन्हाळा बरा चाललाय ना, आणि सप्टेंबरात "सैखन नामारजिज बाइन ऊ", शरद बरा चाललाय ना. ऋतूप्रमाणं नमस्कार बदलतो, तो बरोबर जमला की चेहरे खुलतात.

सुट्टी सप्टेंबरातच मिळत असेल तर दोन गोष्टी करा. पैसे भरण्याआधी ड्रायव्हरला घरी फोन करायला सांगून विचारा, त्या तारखांना घरात कोण कोण असेल आणि तोवर उन्हाळी तळ हलला तर नसेल, कारण त्याच महिन्यात ते शरदाच्या जागेवर जातात. आणि शुक्रवारी पोचा. सुम जवळ असेल तर पोरं शनिवार-रविवार घरी येतात. शुक्रवारी जाताना शाळेवरूनच जा, आई आणि पोरांना गाडीत घ्या, रविवारी संध्याकाळी परत सोडा. एरवी त्या बापाला मोटरसायकलवर दोन फेऱ्या माराव्या लागतात.